वजडी चालेल का, मॅडम?

सोमवारची ओपीडी. साठेक नंबर झाले होते आणि बाहेरची रांग काही कमी होत नव्हती. समोर बसलेल्या बाईंचं वय बेचाळीस, चार घरची धुणीभांडी, हिमोग्लोबिन ६.८. नखं पांढरी, जिना चढताना धाप. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी. मी नेहमीचे प्रश्न विचारले. पाळी किती दिवस, अंगावर किती जातं, शौचातून रक्त पडतं का, जेवणात काय असतं. "मटण-मासे खाता का?" यावर बाईंनी आधी मुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "न्हाई. सणावाराला कधीतरी." मी गोळ्या लिहिल्या, सोनोग्राफी लिहिली आणि टेबलावरच्या गठ्ठ्यातला छापील आहारतक्ता त्यांच्या हातात दिला. मुलगी औषधाच्या खिडकीकडे गेली. बाई उठल्या, पुन्हा बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मॅडम, वजडी चालंल का? आमच्याकडं आठवड्याला असती. पोरीला लोकांम्होरं सांगितलेलं आवडत न्हाई."

तक्त्यात पालक होता, बीट होतं, डाळिंब, खजूर, गूळ, शेंगदाणे होते. मांसाहाराच्या ओळीत 'अंडी, मासे' एवढंच. पंचवीस वर्षं मी असे तक्ते वाटते आहे. त्यात कलेजी हा शब्द नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तेही वाटतं तितकं सरळ नाही. वजडी म्हणजे जनावराचं पोट आणि आतडी. त्यात प्रथिनं चांगली असतात, थोडं बी-१२ असतं, पण लोह फारसं नसतं. १०० ग्रॅममध्ये जेमतेम एक मिलिग्रॅम. लोह आहे ते कलेजीत. कोंबडीच्या कच्च्या कलेजीत १०० ग्रॅमला सुमारे ९ मिलिग्रॅम, मेंढीच्या कलेजीत ७ च्या वर. तिल्लीत, म्हणजे प्लीहेत, त्याच्या कितीतरी पट. आणि रक्तीत तर हिमोग्लोबिन खुद्दच शिजवलेलं असतं. पालकात ३ मिलिग्रॅमच्या आत, बिटात एकाच्याही खाली. डाळिंबाचा रंग लाल आहे, एवढीच त्याची या बाबतीतली पुण्याई. शिवाय पालेभाजीतल्या लोहापैकी शरीरात शोषलं जातं ते साधारण २ ते १० टक्के. मांसातल्या हीम लोहापैकी १५ ते ३५ टक्के. कलेजीतलं सगळं लोह हीम स्वरूपात नसतं हे खरं, पण जेवणात मांस असलं की भाकरी-भाजीतलं लोहही जास्त शोषलं जातं. म्हणजे आठवड्याला वजडी खाणाऱ्या घरात लोहाची खाण दोन बोटं बाजूला, त्याच खाटकाच्या लाकडी ठोकळ्यावर पडलेली होती. हे त्यांना सांगायचं काम माझं होतं. तक्त्याने सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, याचा विचार करताना मला आधी आठवली ती आपली भाषा. मराठीत माया सगळी पोटातल्या अवयवांत राहते. मूल काळजाचा तुकडा असतं, रक्ताचं माणूस 'आतड्याचं माणूस' असतं, लेक सासरी निघाली की आईचं आतडं तुटतं, राग आला की पित्त खवळतं. गाण्यांत आणि कवितांत काळीज इतक्या वेळा येतं की एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाला हेवा वाटावा. तोच अवयव परातीत आला की मात्र आपण नाक मुरडतो. शब्द म्हणून जे सगळ्यात आतलं आणि सगळ्यात आपलं, ते ताटात सगळ्यात हलकं.

हे सगळीकडे असंच असतं असं नाही. स्कॉटलंडचे कवी रॉबर्ट बर्न्स यांनी १७८६ मध्ये हॅगिसवर कविता लिहिली. हॅगिस म्हणजे मेंढीचं हृदय, यकृत आणि फुफ्फुस बारीक करून ओटचं भरड पीठ, कांदा आणि चरबी घालून मेंढीच्याच पोटात भरून शिजवलेला पदार्थ. आपल्या भाषेत सांगायचं तर भरलेली वजडी. गरिबाचं खाणं. आज दर २५ जानेवारीला बर्न्सच्या जन्मदिनी जगभरचे स्कॉटिश लोक ती कविता म्हणत हॅगिस कापतात. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'चा नायक लिओपोल्ड ब्लूम १६ जून १९०४ च्या सकाळी डुकराचा गुर्दा विकत आणून परततो, तोही थोडा करपवतो, आणि त्या दिवसाचाही डब्लिनमध्ये उत्सव होतो. रोममध्ये या मांसाला 'पाचवा चतुर्थांश' म्हणतात. चार चांगले भाग वरच्यांनी नेल्यावर जे उरतं ते. टेस्ताच्चो भागातल्या जुन्या कत्तलखान्याच्या कामगारांना मजुरीचा काही हिस्सा म्हणून ते मिळे. आता त्याच भागात त्याच पदार्थांसाठी पर्यटक जातात.

आपल्याकडे हा पाचवा भाग कुणाच्या वाट्याला आला हे मी सांगायला नको. दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) पुढच्या दलित आत्मकथनांत मांस येतं ते उत्सव म्हणून फार कमी, भूक आणि अपमान म्हणून जास्त. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग स्वयंपाकघरातल्या वजडी, रक्ती, चान्यांच्या पाककृती त्यांनी कसलाही मुलामा न देता लिहिल्या. २०२४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर झालं तेव्हा इंग्रजी वाचणाऱ्यांना ते नवं वाटलं. आपल्यातल्या अनेकांनी मराठीत ते वाचलेलंच नव्हतं.

इथे एक गोष्ट सांभाळून बोलायला हवी. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं आवाहन केलं आणि गावोगावच्या लोकांनी ते सोडलं. तो स्वाभिमानाचा निर्णय होता, आणि डॉक्टर म्हणून मला तो आरोग्याचाही वाटतो. रोगाने मेलेल्या जनावरातून अँथ्रॅक्स होऊ शकतो. म्हणून माझ्या ओपीडीतली ती मुलगी आईच्या वजडीला लाजते तेव्हा तिला अज्ञानी म्हणण्याचा हक्क मला नाही. त्या लाजेमागे तिने ऐकलेलं बरंच काही आहे. पण मेलेल्या ढोराचं मांस आणि बाजारातल्या ताज्या बोकडाची कलेजी एकाच शब्दाखाली, एकाच किळसेत ढकलली गेली, आणि आपल्या आहारतज्ज्ञांनी तो गुंता सोडवण्याऐवजी ती ओळच गाळली.

गंमत अशी, की आपण सगळेच हे अवयव वापरतो. फक्त नाव गेल्यावर.

बोकड कापला की जिवंत वजनाच्या साधारण निम्मंच 'मटण' म्हणून विकलं जातं. बाकीचं कातडं, हाडं, चरबी, रक्त, आतडी, ग्रंथी. मोठ्या कत्तलखान्यांचं अर्थकारण या उरलेल्या निम्म्यावरही उभं असतं, आणि औषधउद्योग हा त्याचा जुना गिऱ्हाईक. मी एमबीबीएसला होते तेव्हा वॉर्डात मिळणारं इन्शुलिन गाईच्या किंवा डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. मानवी इन्शुलिन १९८२ पासून बाजारात आलं, पण सरकारी रुग्णालयांत पोचायला वेळ लागला. टाके घालायला कॅटगट होतं. नावात मांजर असलं तरी ते मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्याचं. आजही स्वादुपिंड निकामी झालेल्या रुग्णाला आपण जे पाचक एन्झाइम देतो ते डुकराचं असतं. आणि आमच्या नवजात अतिदक्षता विभागात, सातव्या महिन्यात जन्मलेल्या, फुफ्फुसं उघडत नसलेल्या बाळाच्या श्वासनलिकेत जे पांढरट द्रव्य सोडतात, ते सरफॅक्टंट बऱ्याचदा गुरांच्या किंवा डुकराच्या फुफ्फुसातून तयार केलेलं असतं. खाटकाच्या दुकानात फुफ्फुसाला सगळ्यात कमी भाव. अमेरिकेत तर १९७१ पासून ते माणसाचं अन्न म्हणून विकायलाच बंदी आहे, म्हणून अस्सल हॅगिस तिकडे जात नाही. पण त्या बाळाचा बाप बाहेर बाकड्यावर बसलेला असतो आणि त्याच्या दृष्टीने ते 'पावडरचं इंजेक्शन' असतं. त्याने विचारलं तर खरं ते सांगावं, असं मी ज्युनियर डॉक्टरांना सांगते. काहींच्या श्रद्धेचा प्रश्न असतो. अजून कुणी विचारलेलं मी पाहिलं नाही.

हेपरिनची गोष्ट याहून महत्त्वाची. रक्त गोठू न देणारं हे औषध डायलिसिसला, हृदयाच्या शस्त्रक्रियेला, फुफ्फुसात गुठळी गेलेल्या रुग्णाला लागतं. नावच मुळी यकृताच्या ग्रीक शब्दावरून आहे, कारण गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते पहिल्यांदा सापडलं ते कुत्र्याच्या यकृतात. आज ते डुकराच्या आतड्याच्या आतल्या अस्तरातून काढतात, आणि जगाला लागणाऱ्या कच्च्या मालाचा निम्म्याहून जास्त भाग चीनमधून येतो. म्हणजे अतिदक्षता विभागातलं एक अत्यावश्यक औषध चिनी लोक किती डुकराचं मांस खातात यावर अवलंबून आहे. २००८ मध्ये अमेरिकेत हेपरिन दिल्यावर रुग्णांचा रक्तदाब अचानक कोसळू लागला. तपासात त्यात ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट हा स्वस्त, हेपरिनसारखाच दिसणारा पदार्थ मिसळलेला सापडला. नेहमीच्या चाचणीत तो ओळखू येत नव्हता. ८१ मृत्यूंचा त्याच्याशी संबंध असू शकतो, असं तिथल्या औषध प्रशासनाने सांगितलं. मग २०१८ मध्ये चीनमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर शिरला, डुकरांचे कळप घटले, पाठोपाठ कोविडने हेपरिनची मागणी वाढवली. २०२० च्या मध्यात आपल्या राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाला हेपरिनची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवू द्यावी लागली. आतड्याशी संबंध नको म्हणणाऱ्या समाजाला आतड्याचा तुटवडा असा जाणवतो.

त्याच सोमवारच्या आठवड्यात दुसरा एक रुग्ण आला. तेवीस वर्षांचा, जिमला जाणारा, अंगठ्याचा सांधा सुजलेला, युरिक ॲसिड वाढलेलं. त्याने पिशवीतून सुबक डबी काढली. परदेशातल्या मावसभावाने आणून दिलेल्या, वाळवलेल्या गोठवलेल्या कलेजीच्या कॅप्सूल. 'पूर्वजांचा आहार' म्हणून समाजमाध्यमांवर याचं मोठं पेव फुटलं आहे. 'लिव्हर किंग' म्हणून गाजलेला अमेरिकी गृहस्थ कच्ची कलेजी खाऊन कमावलेलं शरीर दाखवत होता. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्याने स्टेरॉइड घेत असल्याची कबुली दिली. माझ्या या रुग्णाला मी विचारलं, "घरी कलेजी खातोस का?" तो म्हणाला, "छे मॅडम, वास सहन होत नाही."

कलेजी हे औषध आहे, ही कल्पना नवी नाही. पर्निशियस ॲनिमिया हा जीवघेणा आजार. जॉर्ज व्हिपल यांनी रक्त काढून पांढऱ्या पडलेल्या कुत्र्यांना यकृत खाऊ घातलं आणि त्यांचं रक्त भरून आलं. १९२६ मध्ये बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी रुग्णांना रोज पाव किलोच्या आसपास अर्धवट शिजवलेलं यकृत देऊन माणसं वाचवली. तिघांना १९३४ चं नोबेल मिळालं. त्या यकृतातलं खरं औषध म्हणजे बी-१२, हे १९४८ मध्ये कळलं.

आणि यातला एक अध्याय आपल्या मुंबईत घडला. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली. गिरणगावातल्या गरोदर बायका तीव्र पंडुरोगाने मरत होत्या. हाफकिन संस्थेत काम करताना तिला दिसलं, की त्यांना ओबडधोबड यकृताचा अर्क दिला की रक्त वाढतं, पण पर्निशियस ॲनिमियावर चालणारा शुद्ध केलेला अर्क दिला तर वाढत नाही. म्हणजे यकृतात आणखी काहीतरी होतं, जे शुद्धीकरणात फेकलं जात होतं. ते काहीतरी तिला मार्माइटमध्येही, म्हणजे दारू गाळून उरलेल्या यीस्टच्या अर्कातही सापडलं. तेही उद्योगाचं उरलंसुरलंच. तिचा निबंध १९३१ मध्ये छापून आला. पुढे ते द्रव्य फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. आज देशभर गरोदर बाईच्या हातात जी लाल गोळी पडते, तिच्यातल्या एका घटकाची वाट परळच्या यकृताच्या अर्कावरून गेली आहे.

आणि तरीही, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. पाच वर्षांखालच्या मुलांत ६८.९ टक्के. सरकारचं उत्तर तांदळातून लोह देण्याचं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने पोषणयुक्त तांदळाची योजना २०२८ च्या डिसेंबरपर्यंत चालू ठेवायचं ठरवलं आणि त्यासाठी १७,०८२ कोटी रुपये ठेवले. राज्याने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं होतं. २०२५ च्या जानेवारीत त्याचा वेगळा निधी थांबला. ज्या शाळांना द्यायचं त्यांनी लोकसहभागातून द्यावं असं ठरलं. एका अंड्यावर एवढं होतं, तिथे कलेजीची ओळ तक्त्यात कोण लिहिणार? तांदूळ वाईट असं मी म्हणत नाही. पण जे लोक आधीपासून खातात, त्यांना तेच नीट कसं खायचं हे सांगायला कोट्यवधी लागत नाहीत.

नीट कसं, यात इशारेही आले. गरोदर बाईला मी कलेजी सांगत नाही. तिच्यात अ-जीवनसत्त्व इतकं असतं की मेंढीच्या १०० ग्रॅम कलेजीत दिवसाच्या सुरक्षित कमाल मर्यादेच्या (३,००० मायक्रोग्रॅम) दुपटीहून जास्त भरतं आणि त्याने गर्भाला व्यंग येऊ शकतं. तिच्यासाठी गोळी आणि अंडं. ज्यांना युरिक ॲसिडचा त्रास आहे, थॅलेसेमियासारख्या आजारात अंगात लोह साचतं, त्यांनी लांब राहावं. कोंबडीची कलेजी आतून गुलाबी ठेवू नये, पूर्ण शिजवावी. बाकीच्यांनी आठवड्यातून एकदा, पाऊण वाटी. रोज नको, आणि कॅप्सूल तर नकोच.

भेजा खाऊन माणूस वेडा होतो का, असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. त्यामागे ब्रिटनची गोष्ट आहे. कत्तलखान्यात उरलेलं मांस-हाड दळून तिथे गुरांनाच पेंड म्हणून घातलं गेलं, आणि १९८६ मध्ये 'मॅड काउ' हा मेंदूचा रोग ओळखला गेला. १९८९ मध्ये गुरांचा मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा, आतडी माणसांच्या अन्नातून काढायचा नियम झाला. १९९६ मध्ये माणसातल्या रोगाशी संबंध जाहीर झाला. तिथे १७८ माणसं गेली. भारत या रोगाची जोखीम नगण्य असलेल्या देशांत मोडतो आणि बोकडाच्या भेजाचा त्याच्याशी संबंध नाही. त्यात कोलेस्टेरॉल मात्र भरपूर.

आपला धोका वेगळा आहे, आणि तो खाण्यात नाही, फेकण्यात आहे. आमच्या शल्यविभागात वर्षाला काही रुग्ण असे येतात, ज्यांच्या यकृतात नारळाएवढी पाण्याची गाठ असते. हायडॅटिड. शेळ्यामेंढ्यांच्या यकृत-फुफ्फुसात या जंताच्या गाठी असतात. खाटीक त्या पाहतो आणि 'खराब माल' म्हणून तो अवयव मागच्या नाल्यात फेकतो. कुत्रा तो खातो, त्याच्या आतड्यात जंत वाढतो, विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि माती, भाजी, हात असं करत माणसाच्या पोटात जातात. गाठ वाढायला कित्येक वर्षं लागतात. गाठ असलेली कलेजी शिजवून खाल्ल्याने हा रोग होत नाही. ती कुत्र्याला कच्ची टाकल्याने होतो. परवानाधारक कत्तलखान्यात पशुवैद्यकाने प्रत्येक जनावराचे अवयव तपासून खराब ते नष्ट करायचे असतात. पण रस्त्याकडेच्या दुकानात, जत्रेत, कंदुरीला कापलेल्या बोकडांत कोण तपासतं? २०२५ च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले, देशभर दोन तट पडले. कुत्रे कुठे ठेवायचे यावर सगळे बोलले. ते मटण मार्केटच्या मागे काय खाऊन वाढतात, यावर फारसं कुणी बोललं नाही. खोल खड्डा आणि चुना, किंवा जाळण्याची भट्टी, आणि बाजारातल्या कुत्र्यांना नियमित जंताचं औषध, एवढं नगरपालिकेला जमण्यासारखं आहे.

बाई सहा आठवड्यांनी परत आल्या. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली होती, रक्त तिथून जात होतं, त्याचे उपचार सुरू झाले होते. हिमोग्लोबिन ९.४. ते मुख्यतः गोळ्यांनी वाढलं, हे मी त्यांना सांगितलं. मुलगी सोबत होतीच. मागच्या वेळी तक्त्यावर मी पेनने 'कलेजी, आठवड्यातून एकदा' असं लिहून दिलं होतं. तिने तोच कागद चार घड्या उलगडून टेबलावर ठेवला.

"मॅडम, बोकडाची कलेजी मटणाच्याच भावात आहे," ती म्हणाली. "कोंबडीची चालेल ना? आणि मलाही तपासा, मलाही चक्कर येते."

तिचं हिमोग्लोबिन ८.९ निघालं.